नवी इमारत: आठ महिन्यांनंतर

ऑफिस नव्या इमारतीत हललं त्याला आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात विचारलं असतंत, तर दहापैकी नऊ दिले असते. आज सहा देतो, तेही जिन्यामुळे.

आधी काचेबद्दल. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. तीन वाजले की ऊन थेट स्क्रीनवर. मग पडदे खाली, आणि पडदे खाली म्हणजे भर दिवसा दिवे चालू. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी काचेला चार्टपेपर चिकटवला, काल मोजले तर सतरा होते. बांधण्याआधीच्या चित्रात ही भिंत फार सुंदर दिसत होती.

मीटिंग रूममध्ये जेवणानंतर सगळे पेंगायचे. आम्ही दोष सादरीकरणाला देत होतो. शेवटी हवेचा मीटर आणून ठेवला. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२०, असतो. आत दहा माणसं, दार बंद, पाऊण तासात आकडा १५०० वर. खोली आखली होती सहा जणांसाठी. खुर्च्या वाढल्या, आत येणारी हवा तेवढीच राहिली. आता दारात पाचर अडकवतो. हवा खेळते, पण आतलं सगळं बाहेर ऐकू जातं.

लोक राहायला लागल्यावर इमारत तपासायची, ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने, रिबाने, १९६०च्या दशकात कामाच्या टप्प्यांत शेवटी ‘फीडबॅक’ घातला होता. पुढे तो गळाला, कारण त्या कामाची फी कुणी द्यायची हा प्रश्न. तिथेच १९९५ ते २००२ मध्ये ‘प्रोब’ नावाने वापरातल्या इमारती तपासल्या गेल्या. वीज अंदाजापेक्षा जास्त जाते आणि नियंत्रणं वापरणाऱ्याला कळत नाहीत, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. आमच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला सहा बटणं आहेत. दाबून काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

जिना मात्र झकास. दारातून आत आलं की समोरच, रुंद, वरून उजेड येणारा. लिफ्ट मागे कोपऱ्यात. तीन मजले लोक आपणहून चढतात. निम्मी कामं तर मधल्या टप्प्यावर उभ्या-उभ्या उरकतात.

पहिल्याच महिन्यात एक फॉर्म आला होता: रंगसंगती आवडली का? त्यानंतर काही नाही. मागच्या आठवड्यात एसीवाला आला, माझ्या डोक्यावरच्या जाळीवर लावलेला पुठ्ठा त्याने काढला आणि सिस्टीम ठीक असल्याची सही घेऊन गेला. तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी पुठ्ठा परत लावला.