लाल गोळी की ५ मिलिग्रॅमची फॉलिक? सिकलसेल, थॅलेसेमिया असलेल्या गरोदर बाईसाठी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण पट्ट्यात आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. साध्या रक्तक्षयाला ती उत्तम. सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला) किंवा थॅलेसेमियाचा आजार असेल, तर तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या घडवायला फोलेट (म्हणजेच फॉलिक ॲसिड) जास्त लागतं. तिथे ही मात्रा तोकडी. म्हणून डॉक्टर सहसा ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी देतात: रोज एक, शक्यतो दिवस राहण्याच्या ३ महिने आधीपासून बाळंतपणापर्यंत.

लाल गोळ्याच वाढवून भागेल का? हिशेब करा: ५ मिलिग्रॅमसाठी १० गोळ्या, म्हणजे ६०० मिलिग्रॅम लोह. विषच ते! त्यात वारंवार रक्त चढवलेल्या बाईच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय तिला लोह नको.

नुसती वाहक असेल (दोष एकाच पालकाकडून आलेला: सिकलसेलमध्ये एएस, थॅलेसेमियात मायनर) तर लाल गोळी सरसकट बंद करू नका. लोह तिचंही कमी असू शकतं. इथेही फेरिटिनच बघा, कारण मायनरमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) लोह पुरेसं असतानाही कमीच येतो.

५ मिलिग्रॅमच्या गोळीची एक खोड: बी-१२ कमी असेल तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण हातापायाच्या मुंग्या वाढतात. शाकाहारी बाईचं बी-१२ आधी तपासा.