स्विंग कीलची जुनी बोट घेताय? कील हवेत लटकवून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका

जुनी स्विंग कीलची शिडाची बोट विकताना समोरच्याला फसवायला फार काही करावं लागत नाही. बोट ट्रेलरवर ठेवायची आणि खालून कोणाला बघू द्यायचं नाही, एवढं पुरतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, ३ लाख ४० हजार रुपये गेले आणि "फुल्ली रिस्टोर्ड" म्हणून जो माल गळ्यात मारला तो बघून होड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेस्ताकाकांनी कपाळाला हात लावला. गोव्यात नदीकाठी राहणारी, शिडाची हौस असलेली पोरं आता अशा बोटी शोधतायत म्हणून सगळं लिहून ठेवतोय, लांब झालं तरी शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. शिडात वारा भरला की बोट आडवी पडू नये आणि बाजूला वाहत जाऊ नये म्हणून खाली एक जड पातं लागतं, ती कील. स्विंग कीलमध्ये हे पातं पुढच्या टोकाला एका पिनवर लटकलेलं असतं आणि मागचं टोक वायरला, केबिनमधली विंच, म्हणजे वायर गुंडाळायचं हातानं फिरवायचं चाक, फिरवली की ते वर येऊन बोटीच्या पोटातल्या खाचेत बसतं. अमेरिकेत १९७० च्या सुमारास आलेली कॅटलिना २२ ही या जातीतली सगळ्यात माहितीतली बोट, तिची कील बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, साधारण २५० किलोची, वर घेतली की बोट २ फूट पाण्यात तरंगते आणि खाली सोडली की ५ फूट लागतं. आपल्याकडे हे किती सोयीचं ते मांडवीत होडी चालवणाऱ्याला सांगायला नको. ओहोटीला चोडणच्या बाजूला किंवा शापोऱ्याच्या मुखाशी कुठं वाळू वर आलेली असेल नेम नाही, फिक्स कीलची बोट रुतली की भरतीची वाट बघत बसायचं, स्विंग कील असली की विंच फिरवा आणि निघा.

पण यात सगळा भार एका पिनवर असतो, आणि ती पिन, तिची भोकं, वायर, सगळं बोटीच्या पोटाखाली असतं. ट्रेलरवर बोट उभी असली की कील ट्रेलरच्या आडव्या पट्टीवर टेकलेली असते, खाली सोडताच येत नाही. तुम्हाला दिसते फक्त खालची कड, तीही नवीन काळा रंग मारलेली. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मला विकणारा बार्देशातला, नाव लिहीत नाही कारण पोलिसात अर्ज दिलाय आणि ते काम चालू आहे. बोट एका भाटात माडांखाली ट्रेलरवर उभी होती, फायबरची, २२ फुटी, बाहेरून चकचकीत. माणूस गोड बोलणारा, घरी बोलावून चहा दिला, मोबाईलवर रिस्टोरेशनचे फोटो दाखवले. कील बाहेर काढून ठेवलेली, ब्लास्टिंग करून, म्हणजे जोरात बारीक कण मारून गंज उडवून, राखाडी झालेली, मग प्रायमर, मग फिनिशिंग, असे क्रमानं सगळे. फोटो खरंच चांगल्या कामाचे होते. मी म्हटलं दादा कील एकदा खाली सोडून बघायची आहे, हायड्रा क्रेन बोलावूया, भाडं मी देतो. तर म्हणाला अहो हायड्रा भाटात शिरणार नाही, माडांची मुळं आहेत, चिरे कोसळतील. म्हटलं मग बाहेर रस्त्यावर काढूया. तर म्हणे ट्रेलरचे टायर इतक्या लांब जायचे नाहीत, आणि मुंबईची पार्टी शनिवारी टोकन द्यायला येतेय, तुम्ही आपले गोव्यातले म्हणून थांबलोय. बोट तपासून रिपोर्ट देणारा सर्व्हेयर पाहिजे म्हटलं तर तो पण त्यानंच आणला. त्या माणसानं बोटीभोवती फेरी मारली, केबिनमध्ये डोकावला आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर रिपोर्ट दिला, "कील व पिन सुस्थितीत". जी कील ट्रेलरवर टेकलेली आहे, जिची पिन कोणी काढलेली नाही, तिच्याबद्दल हे वाक्य कोणताही प्रामाणिक सर्व्हेयर लिहू शकत नाही, तो "तपासता आली नाही" असं लिहील. ही ओळ लक्षात ठेवा, रिपोर्ट खरा की विकत घेतलेला ते यावरून कळतं.

करारात "बोट जशी आहे तशी" असं वाक्य घातलं होतं. अर्धे पैसे बँकेतून आणि अर्धे रोख, हा पण त्याचाच आग्रह.

बोट पाण्यात घातली रायबंदरच्या बाजूला. पहिल्याच दिवशी कील खाली सोडली की पोटातून ठक ठक आवाज यायला लागला, थोडी लाट आली की जास्त, आणि हा आवाज नुसता ऐकू यायचा नाही तर हातालाही जाणवायचा, बाकावर तळवा ठेवला की प्रत्येक ठोका हाडापर्यंत. थोडा आवाज या बोटींना असतोच, पण इतका नाही. दुसऱ्या वेळी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, पाणी दिसलं, जिभेला लावलं तर खारट. हे कोणालाही करता येतं, बिल्जचं पाणी गोडं असलं तर पावसाचं, वरून डेक गळतोय, खारट असलं तर खालून येतंय, आणि खालून येणं ही गंभीर गोष्ट. मी ताबडतोब बोट काढायचं ठरवलं.

हायड्रानं पट्ट्यांवर उचलली आणि मेस्ताकाकांनी विंचची वायर हळूहळू सोडली. काका बेतीचे, आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या आणि नंतर फायबरच्या दुरुस्त केल्या. कील अर्ध्यावर आली आणि अडकली. काकांनी लाकडी ठोकळा लावून दोन घाव घातले तर कीलच्या बाजूचा ताटाएवढा पापुद्रा सुटून खाली पडला आणि आतून तांबडं पाणी ओघळायला लागलं. तो पापुद्रा म्हणजे गाड्यांचे डेंट भरायची बॉडी पुट्टी, काही ठिकाणी बोटभर जाड. काकांनी खिशातला चुंबक कीलला लावला तर घसरून पडला, दुसरीकडे लावला, परत पडला. बिडाच्या पात्याला चुंबक चिकटत नाही याचा अर्थ वर पुट्टी किती जाड असेल बघा. काका म्हणाले, "बाब, हे काम नव्हे, ही झाकपाक आहे."

मग पिन काढली. ती दोन्ही टोकांना जाड आणि मधे डमरूसारखी बारीक झालेली होती, जिथं कील लटकते नेमकी तिथं. चुंबक तिला कचकन चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाहीच, हार्डवेअरच्या दुकानातला साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) रॉड कापून घातलेला. कीलमधलं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं, ठक ठक आवाज तिथून. पिन मोडली असती तर २५० किलोचं लोखंड नुसत्या विंचच्या वायरवर आलं असतं, आणि वायरही आतून गंजलेली. कील वर असताना ती वायर तुटली तर पातं सगळ्या वजनानिशी खाली झोकांडतं आणि बोटीच्या पोटात भोक पाडू शकतं. त्या दिवशी बोटीवर माझा बारा वर्षांचा मुलगा होता. यात नुसता पैशाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं.

आता फोटोंचं. घरी येऊन ते फोटो मोठे करून बघितले. फोटोतल्या कीलच्या भोकात पितळी रंगाचा बुश, म्हणजे भोक झिजू नये म्हणून घालायची नळी, दाबून बसवलेला स्पष्ट दिसतो. आमच्या कीलमध्ये बुश नाही, कधी बसवल्याची खूणही नाही. वायर अडकवायची कडी फोटोत कडेपासून बरीच आत आहे, आमच्याकडे अगदी काठावर. म्हणजे ती कील दुसऱ्याच बोटीची. काम कोणीतरी मन लावून केलेलं आणि त्याचे फोटो दाखवून हा तिसराच माल विकतोय. विकणाऱ्याला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला खाऱ्या पाण्यात गंज येणारच, मग म्हणाला करारात जशी आहे तशी लिहिलंय, मग नंबर ब्लॉक.

त्या "जशी आहे तशी"ला घाबरू नका. वकिलांनी सांगितलं की खोटं सांगून किंवा माहीत असलेला दोष मुद्दाम लपवून केलेला करार १८७२ च्या करार कायद्याखाली रद्द करून मागता येतो, आणि फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ मध्ये आहे. माझ्या बाजूनं सगळ्यात उपयोगी पडतायत ते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, "नवीन एसएस पिन टाकली आहे" (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील) हे त्यानं स्वतः टाईप केलेलं आहे. म्हणून फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज करून विचारा, पिन कशाची, कधी बदलली, ब्लास्टिंग कुठं केलं, आणि उत्तर लेखी येऊ द्या. कागद पण आधी बघा, आमच्या बोटीचे कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाले. आउटबोर्ड इंजिन लावून नदीत चालवायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं नोंदणी आणि सर्व्हे लागतो, पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्समध्ये पैसे द्यायच्या आधी जाऊन विचारलेलं बरं.

बोट बघायला जाताना चुंबक, टॉर्च, जुना सुती कपडा आणि रुपयाचं नाणं एवढं खिशात असू द्या. कपडा विंचच्या वायरवरून फिरवा, एक जरी तार तुटलेली असेल तरी धागा अडकतो. नाण्यानं डेकवर टकटक करत जा, टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आतलं लाकूड कुजलंय, डोलकाठीच्या बुडाशी आणि शिडाच्या वायरी जिथं डेकला बांधलेल्या असतात तिथं जास्त बघा कारण पाणी तिथूनच शिरतं. बिल्जला ताजा रंग दिसला तर कशासाठी मारला ते विचारा. पण हे सगळं नंतर, आधी कील. हायड्राचं भाडं तुम्ही द्या, बोट हवेत उचला, कील पूर्ण खाली सोडा, हातानं आडवी हलवा, किती खेळतेय बघा, चुंबक लावत सगळीकडे फिरवा. विकणारा याला तयार नसेल तर तिथून उठा, मग मुंबईची पार्टी शनिवारी येऊ दे नाहीतर शुक्रवारी.

कीलचं खरं काम काय असतं ते आता आम्ही करतोय त्यावरून सांगतो. झुआरीच्या काठी बार्ज दुरुस्तीची यार्डं आहेत, तिथं कॉपर स्लॅगनं ब्लास्टिंग करणारे मिळतात. कील आधी गोड्या पाण्यानं परत परत धुवायची, बिडाच्या छिद्रांत मीठ अडकलेलं असतं, ते राहिलं तर वर कितीही महाग रंग मारा, खालून गंज फुगून येतोच. मग ब्लास्ट करून पांढरं लोखंड दिसलं की त्याच दिवशी, काही तासांत इपॉक्सी प्रायमर, आपल्या दमट हवेत रात्रभर ठेवली तर सकाळी परत तांबूस. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच, चवथीच्या दिवसांत कोणी "ब्लास्टिंग करून दिलं" म्हणत असेल तर मला शंका येईल. खड्डे भरायला इपॉक्सी फिलर, बॉडी पुट्टी नाही कारण ती पाणी पिते. थर पातळ, नाहीतर कील खाचेत अडकते. भोक बोअर करून बुश बसवला आणि पिन कुंडईला लेथवाल्याकडून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस रॉडमधून करून घेतली, वायर नवीन. स्टेनलेस पिन आणि बीड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की बीड आधी झिजतं, म्हणून पिन दर पावसाळ्यात बोट वर काढली की बाहेर काढून बघायचीच.

शेवटचं आणि तातडीचं. तेच फोटो आता एका २५ फुटी बोटीच्या जाहिरातीत फिरतायत, एका ओळखीच्यानं मला पाठवले. ओळखायची खूण अशी: राखाडी कील दोन लाकडी ओंडक्यांवर आडवी, भोकात पितळी बुश, मागे चिऱ्याची अर्धवट भिंत आणि तिच्यावर निळी ताडपत्री. हे फोटो कोणी दाखवले तर टोकन देऊ नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट मला पाठवा, तो अर्जाला जोडायचा आहे. आणि ते मूळ काम ज्याचं आहे त्यानं हे वाचलं तर त्यानंही कळवावं, त्याचा एक जबाब मिळाला तर ही केस उभी राहते.