कॅफेवालं एस्प्रेसो मशीन घरी आणलं, दीड वर्ष झालं

बंद पडलेल्या एका कॅफेचं सेकंडहँड मशीन, सिंगल ग्रुप (कॉफी जिथून पडते तो भाग एकच), आणि तो ग्रुप ई६१ नावाच्या जड पितळी घडणीचा. उचलायला दोघं लागले आणि ओट्यावर ठेवल्यावर वरच्या कपाटाचं दार उघडेना, म्हणजे सुरुवातच अशी.

कॉफीबद्दल तक्रार नाही. १८ ग्रॅम पावडर, २८ सेकंदात ३६ ग्रॅम शॉट, मधासारखी धार पडते आणि दूध तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फेसाळतं, घरगुती मशीनच्या वाफेला ती ताकदच नसते. पण तो पितळी ग्रुप नीट तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, मी शेवटी टायमरचा स्विच लावला नाहीतर सकाळी मशीनकडे बघत उभं राहायचं. हीट एक्स्चेंजरवालं (म्हणजे कॉफीचं पाणी वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीतच तापतं) असल्यामुळे बराच वेळ पडून राहिलं की आधी थोडं उकळतं पाणी सोडून द्यावं लागतं, ते विसरलात तर शॉट कडूजहर.

आणि पाणी! मी पहिले सहा महिने सरळ नळाचं जड पाणी घातलं, शहाणपणा केला. बॉयलरमध्ये क्षार बसले, वाफेचा जोर गेला, मेकॅनिकने उघडून दाखवलं तर आत पांढरे पापुद्रे. आता सॉफ्टनर लावलाय, रोज साध्या पाण्याने बॅकफ्लश (ग्रुपमधून पाणी उलटं फिरवून धुणं), आठवड्याला साफ करायची पावडर टाकून.

दिवसाला दोनच कप पिणार असाल तर नका घेऊ, त्यापेक्षा चांगला ग्राइंडर घ्या, चवीत फरक तिथेच जास्त पडतो. मी मात्र विकणार नाहीये.