तीन महिन्यांची सुई की एकदाचं ऑपरेशन

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय आणि पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, बंद करायचेत, इथपर्यंत तुम्हाला कळलंय असं धरतो. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या असतील: दर तीन महिन्यांनी हार्मोन थांबवणारी सुई, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून अंडकोष काढणं. मी पहिलीवर सव्वा वर्ष चाललो, मग दुसरी धरली.

पेपरात ज्याला 'रासायनिक खच्चीकरण' म्हणतात, ते याच जातीचं औषध. दक्षिण कोरियात २०११ पासून लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना ते कायद्याने देता येतं. कॅलिफोर्नियाने तर १९९६ सालीच कायदा केला. तिथलं औषध वेगळं, काम तेच. आमच्या सोलापुरात विजापूर वेशीत चहाला बसलं आणि कुणी 'असल्यांना खच्ची करा' म्हणालं की मी गुमान कपात बघतो. माझ्या दंडातही तेच गेलेलं असतं ना!

त्रासावरून निवड करू नका. हार्मोन सुईने गेले काय नि सुरीने गेले काय, अंगातून निघणाऱ्या वाफा सारख्याच. सोलापूरचा मे, पारा ४३ वर, आणि रात्री दोनला छातीपासून टाळूपर्यंत भट्टी पेटते. हिने खाटेशी ओला पंचाच ठेवला होता. हाडं ठिसूळ होणं, पोट सुटणं, मालिका बघताना उगाच डोळे भरणं, हेही दोन्हीकडे.

सुईच्या बाजूने बोलायचं तर कापाकापी नाही, आणि थांबवली तर हार्मोन हळूहळू परत येऊ शकतात. मात्र ल्युप्रोलाइड नावाची सुई घेतलीत तर पहिले आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं, म्हणून जोडीला गोळ्या देतात. ऑपरेशन छोटं, कमरेखाली भूल देऊन होतं, आणि टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येतं.

मला छळलं ते तारखेनं. माझी सुई थंड ठेवावी लागायची, मागवल्यावर पुण्याहून यायची. तीन महिने संपत आले की मेडिकलवाल्याला फोन सुरू. एकदा जानेवारीत, ऐन गड्डा यात्रेच्या गर्दीत, 'उद्या येतंय काका' ऐकत अकरा दिवस गेले. शेवटी मुलगा थर्मासमध्ये बर्फ भरून घेऊन आला. अकरा दिवसांनी काही बिघडलं नसेलही, पण रोज रात्री वाटायचं, आतलं जनावर जागं होतंय. शिवाय दर खेपेला हजारांत बिल. पेन्शनवरच्या माणसाला ते टोचतंच.

मग ७१व्या वर्षी स्वतःला विचारलं, परत येणारे हार्मोन घेऊन मी करणार काय? ऑपरेशनला 'हो' म्हणालो. ही रडली, मीही थोडा. नात्यातल्या एकाने नसबंदी समजून 'आता कशाला, काका?' म्हटलं, त्यावर दोघंही हसलो. डॉक्टरांनी वरचं आवरण ठेवून आतला भागच काढला, त्यामुळे धोतर बदलताना तरी रिकामं वाटत नाही. असं करता येईल का, हे आधीच विचारून घ्या. लाजू नका.

गुन्हेगारांच्या बाबतीत मात्र माझं मत उलटं पडतं. तिथे सुरी नकोच. निकाल चुकला तर परत काय जोडणार? आणि सुईला तारीख पाळणारा कुणीतरी लागतो, ते मी एका घरात पाहिलंय. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये ही शिक्षा सुचवायला नकार दिला, तो मला पटतो. सुईने माझी वासना गेली, राग मात्र होता तिथेच आहे. हवं तर हिला विचारा.

तुमचं वय कमी असेल, किंवा रेडिएशनसोबत ठरावीक काळापुरतंच हार्मोन बंद करायचं असेल, तर माझं ऐकू नका, सुईच घ्या. फक्त पुढची सुई पंधरा दिवस आधी मागवून ठेवा, आणि घरच्यांना सांगा, फ्रिज कोणी बंद करू नका म्हणून.