लग्नाच्या कामाला सेकंडहँड फुलफ्रेम: मार्क थ्री, डी ७५० की ए सेव्हन थ्री?

तुळशीचं लग्न जवळ आलं की मला फोन सुरू होतात, दादा जुनी फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यायचीय, कुठली घेऊ. यंदा विचारणारा माझ्याकडेच दोन सीझन सेकंड शूटर म्हणून आलेला पोरगा आहे. क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), सोबत आलेली किट लेन्स आणि एक फिफ्टी एमएम एवढा संसार, पैसे जेमतेम साठवलेले, आणि या सीझनपासून स्वतःच्या नावावर तारखा घ्यायच्या म्हणतोय. त्याने शोधून शोधून तीन नावं काढलीत: कॅनन फाइव्ह डी मार्क थ्री, निकॉन डी ७५० आणि सोनी ए सेव्हन थ्री. तिन्ही माझ्या हातून गेल्यात, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यात जे बोललो ते एकदाच लिहून टाकतो.

मार्क थ्री २०१२ ची, डी ७५० २०१४ ची, सोनी २०१८ ची. मेगापिक्सल २२, २४ आणि २४. बारा बाय छत्तीसच्या अल्बम शीटला यात काडीचा फरक पडत नाही, यावर वाद घालणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. भावात कॅनन आणि निकॉन साधारण शेजारी शेजारी बसतात, सोनीची नुसती बॉडी ज्या पैशात येते त्यात तिकडे बॉडी आणि वर एखादी कामाची लेन्स होते. सगळ्या निर्णयाचं मूळ इथंच आहे खरं तर, पण पोरं आधी स्पेक्स बघतात, तर स्पेक्स बघू.

आपल्याकडचे हॉल म्हणजे स्टेजवर जांभळे एलईडी, खाली पिवळे बल्ब, आणि कोपऱ्यात अंधार. तिथं फोकस किती अंधारापर्यंत लागतो हे महत्त्वाचं. कागदावर डी ७५० आणि सोनी उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार) जातात, मार्क थ्री उणे २ पर्यंत. प्रत्यक्षात मार्क थ्री अगदी अडते असं नाही, पण रिसेप्शनला लाइटवाला मूड करायला म्हणून दिवे घालवतो ना, तेव्हा डी ७५० शांतपणे फोकस पकडते आणि कॅनन एक क्षण विचार करते, आणि तो एक क्षण म्हणजे हार घालायचा क्षण असतो.

पण निकॉनची खोड अशी की तिचे ५१ फोकस पॉइंट सगळे मधोमध गोळा झालेत. उभ्या फ्रेममध्ये नवरा नवरी पूर्ण घेतले की डोळे वरच्या टोकाला जातात, तिथपर्यंत पॉइंट पोचत नाही, मग मधे फोकस धरून कॅमेरा खाली वळवायचा, आणि एफ १.८ ला, म्हणजे लेन्स पार उघडी असताना, असं केलं की डोळ्याऐवजी कान शार्प. मार्क थ्रीचे ६१ पॉइंट जरा जास्त पसरलेत आणि त्यातले ४१ क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या आडव्या दोन्ही रेषा पकडणारे, आहेत. सोनीचे ६९३ तर जवळजवळ पूर्ण फ्रेम व्यापतात, वर २०१९ च्या फर्मवेअरनंतर आय एएफ (डोळा शोधणारा ऑटोफोकस) इतका चांगला झालाय की कालचा पोरगा पण डोळे शार्प आणतो. फक्त अंतरपाटाच्या वेळी ती कधी कधी नवरीला सोडून मागं उभ्या मामाचा डोळा पकडते, तेवढं लक्ष ठेवायचं.

अक्षतांचं वेगळं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. "शुभमंगल सावधान" झालं की लेन्सच्या पुढून तांदूळ उडतात आणि फोकस तांदळावर उडी मारतो. मार्क थ्रीत एएफच्या सहा केस, म्हणजे तयार सेटिंग, आहेत, त्यातली केस टू अशाच कामाची, मधे काही आलं तरी मूळ माणसाला सोडायचं नाही. लग्नापुरती ती लावून ठेवा. डी ७५० मध्ये हेच काम फोकस ट्रॅकिंग विथ लॉक ऑन करतं, ते लाँगवर ठेवायचं. जुन्या बॉडीतून निम्मं काम निघत नाही अशी तक्रार करणारे बरेच जण या मेनूत कधी गेलेलेच नसतात.

आता फाइल. इथं मात्र डी ७५० कॅननला सरळ मागं टाकते. दारात उभी नवरी, मागं ऊन, चेहरा काळा पडलाय, अशी रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाइल तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर उचलली की डी ७५० ची सावली स्वच्छ निघते आणि मार्क थ्रीच्या सावलीत दाणे आणि पट्टे दिसायला लागतात. त्या काळच्या कॅनन सेन्सरचा हा गुणच आहे, पुढं मार्क फोरला तो बराच सुधारला. सोनीची फाइल निकॉनच्या तोडीची किंवा थोडी वर. कॅननची बाजू घ्यायची तर त्वचेचा रंग, हळदीच्या कार्यक्रमात पिवळं अंग, पिवळी साडी, पिवळा मांडव असताना मार्क थ्रीच्या फाइलवर मला कमी बसावं लागतं. हे माझ्या डोळ्यांचं झालं, तुम्हाला वेगळं वाटू शकतं. ज्याला जागेवर एक्स्पोजर नीट लावता येतं त्याला सावलीचा तोटा फारसा जाणवणार नाही, आणि ज्याला येत नाही त्याने निकॉन घ्यावी, स्पष्टच बोलतो.

बारीकसारीक: डी ७५० चं शटर १/४००० ला थांबतं, बाकी दोघी १/८००० ला जातात. भर दुपारी शेतात प्रीवेडिंग करताना एफ १.८ ठेवायचा हट्ट असेल तर निकॉनवर एक स्टॉप कमी पडतो, मग २.८ करा, कोणी मरत नाही. वजन बॅटरीसकट कॅनन ९५०, निकॉन ८४०, सोनी ६५० ग्रॅम. बॅटरी निकॉनची सगळ्यात दमदार, कंपनीच्या आकड्यात १२३० फोटो. डी ७५० ची स्क्रीन उचलता येते, मार्क थ्रीची येत नाही, पंगतीच्या वरून फोटो काढताना फरक कळतो.

कार्डचं बघा. तिन्हींत दोन स्लॉट आहेत आणि लग्नाचं काम एका स्लॉटच्या बॉडीवर करू नये एवढं माझं म्हणणं पक्कं आहे, कार्ड उडालं तर सप्तपदी परत होत नाही. मार्क थ्रीत एक सीएफ (जुन्या पद्धतीचं मोठं कार्ड) आणि एक एसडी, पण तो एसडी स्लॉट जुन्या वेगाचा आहे, दोन्हीकडे रॉ लिहायला लावलं की बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत थांबतात ती मेमरी) तुंबतो. सीएफवर रॉ, एसडीवर जेपेग असं ठेवायचं. निकॉनला दोन्ही एसडी, विषय संपला.

व्हिडिओ लागणार असेल तर मात्र तुलना संपते. मार्क थ्रीत १०८० पी, तेही ३० फ्रेमपर्यंतच, निकॉनमध्ये ६० फ्रेम मिळतात पण व्हिडिओत तिचा ऑटोफोकस विसरा. सोनीत फोर के, स्लो मोशनला १०८० मध्ये १२० फ्रेम, बॉडीतच स्टॅबिलायझेशन, आणि फोकस माणसाला धरून चालतो. हल्ली पार्टी अल्बमच्या आधी रील मागते. तुम्ही एकटेच फोटो आणि रील दोन्ही देणार असाल तर थांबा, अजून एक सीझन क्रॉप बॉडीवर काढा आणि सोनीच घ्या.

सोनीचं एक दुखणं मात्र वरातीत कळतं. डीजेवरचा लेझर. सोनी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, आणि मिररलेसचा सेन्सर फ्रेम लावताना सतत उघडा असतो, लेझरचा किरण थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके उमटतात. बाकी दोघींसारख्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरने काम करताना पुढं आरसा आणि शटर असतं, सेन्सर फक्त क्लिकपुरता उघडतो, म्हणून धोका खूप कमी. पण आरशावरून किरण व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यात येऊ शकतो, त्यामुळं लेझरकडं रोखून बघायचं नाहीच. गणपती मिरवणुका आणि वराती करणाऱ्या माणसाची मिररलेस विकायला आली असेल तर आधी सेन्सर तपासा, मग भाव बोला.

लेन्स. डी ७५० च्या बॉडीत फोकस मोटर आहे, त्यामुळं निकॉनच्या जुन्या डी सिरीजच्या लेन्स, ८५ एफ १.८, ८०-२०० एफ २.८, ऑटोफोकससकट चालतात आणि त्या बाजारात खूप स्वस्त मिळतात. उद्या निकॉनच्या झेड मिररलेसवर गेलात तर एफटीझेड (जुन्या लेन्स जोडायच्या) अ‍ॅडॉप्टरवर याच लेन्सचा ऑटोफोकस जातो, एवढं लक्षात असू द्या. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्या पुढं कॅननच्या आर सिरीजच्या मिररलेसवर कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरने मस्त चालतात, म्हणजे आज घेतलेली ७०-२०० बुडीत जात नाही. सोनीला टॅमरॉन २८-७५ एफ २.८ सारख्या लेन्स आहेत, छान आहेत, पण बॉडीत पैसे संपल्यावर त्या घ्यायच्या कशाने.

आणि आता मी त्या पोराला जे खरं सांगितलं ते. तुझ्या आसपास कोण काय वापरतं ते बघ. आमच्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळे कॅननवाले. एखाद्याची तारीख रिकामी असली की त्याची ७०-२०० एका फोनवर येते, फ्लॅश बंद पडला तर शेजारच्या हॉलमधून ट्रिगरसकट दुसरा येतो, सकाळी बॅटरी घरी राहिली तर कोणाची तरी एलपी ई सिक्स मिळतेच. मला स्वतःला डी ७५० जास्त आवडते, कोणी नुसतं "तिघांत भारी कुठली" विचारलं तर मी पैशाला डी ७५० म्हणेन, पण या पोराला मी मार्क थ्री घे म्हणालो, कारण तो निकॉन घेऊन आमच्यात एकटा पडेल आणि दीड लाखाची लेन्स दोन दिवसांसाठी उसनी मिळणं हे कुठल्याही सेन्सरपेक्षा मोठं आहे. तुमच्या गावात सगळे निकॉनवाले असतील तर हेच उलटं वाचा.

मधेच कोणीतरी म्हणेल कॅननची सिक्स डी का नाही, तर एकच कार्ड स्लॉट. कॅननचीच वन डी एक्स? दणकट आहे, सेकंदाला १२ फोटो, पण नुसती बॉडी सव्वा किलोच्या वर आणि बॅटरी महाग, दिवसभर लग्नात गळ्यात अडकवून बघा. भिगवणला फ्लेमिंगो करणाऱ्यांनी हे सगळं सोडून निकॉनची डी ५०० बघावी, क्रॉप आहे तेच तिथं बरं पडतं, लांबचा पक्षी फ्रेममध्ये मोठा येतो.

तपासायचं कसं. शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले) सगळे विचारतात, पण हिशोब करून बघत नाहीत. एका लग्नाला अडीच हजार क्लिक धरले आणि वर्षाला चाळीस तारखा, तर एका वर्षात एक लाख. मार्क थ्री आणि डी ७५० चं शटर कंपनीने दीड लाखाला टेस्ट केलेलं आहे. दीड लाखाला ते मरतंच असं नाही, तीन लाख झालेल्या बॉडी मी बघितल्यात, पण मग भाव शटर बदलायचा खर्च धरून करायचा. निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच मिळतो. मार्क थ्रीचा तिथं मिळत नाही, लॅपटॉपला केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, आणि विकणारा "केबल नाही ओ" म्हणाला तर उठून यायचं. सोनीत कमी काउंट बघून भुलू नका, व्हिडिओवाल्याची बॉडी असेल तर शटर कोरं आणि सेन्सर शेकडो तास तापलेला. तिचं मायक्रो एचडीएमआय पोर्ट ढिलं असेल तर ती मॉनिटर लावून राबलीय समजा. मेनू फक्त जपानी दिसला तर ती जपानच्या बाजारातली बॉडी, तिच्यात इंग्रजी येत नाही, स्वस्त का होती ते तेव्हा कळतं.

डी ७५० ला शटर आणि फ्लेअर (समोरच्या दिव्याची फोटोत पडणारी चमक) या दोन गोष्टींसाठी निकॉनने स्वतः मोफत दुरुस्ती जाहीर केली होती, तेव्हा सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा. सीएफ स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना बघा. माझी पहिली जुनी बॉडी, कुठली ते सोडा, मी अंधाऱ्या दुकानात घाईत घेतली आणि घरी आल्यावर एक पिन झोपलेली दिसली, दुकानदार म्हणाला तुम्हीच वाकवली. मी नव्हती, पण सिद्ध कसं करणार.

बटणांच्या फटी बघा. पिवळं दिसलं तर जेजुरीचा भंडारा, गुलाबी दिसलं तर गुलाल, आणि बाहेर दिसतोय म्हणजे आत पण गेलाय, बटणं चिकटतात आणि ती पावडर पुढं सेन्सरवर येत राहते. मुंबई किंवा कोकणातली बॉडी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशी शोधा. स्क्रूची डोकी घासलेली असतील तर कोणीतरी खोललीय, सरळ विचारायचं. मग एफ १६ ला आकाशाचा एक फोटो धुळीसाठी, आणि लेन्सला झाकण लावून आयएसओ ३२०० ला एक काळा फोटो. दोन्ही तिथल्या तिथं झूम करून बघायचे, रेघ दिसली की गाडी स्टार्ट.

पोराने आता मुंबईत फोर्टात बोरा बाजारातली एक मार्क थ्री आणि पुण्यातली एक, अशा दोन बघून ठेवल्यात. पुण्यातली बिल आणि बॉक्ससकट आहे, थोडी महाग आहे, काउंट विकणाऱ्याने तोंडी सांगितलाय. रविवारी दोघं मिळून जाणार, त्याला लॅपटॉप, केबल, टॉर्च आणि एक सीएफ, एक एसडी अशी रिकामी कार्डं घेऊन यायला सांगितलंय, सीएफ कार्ड कोणाचं तरी उसनंच आणणार म्हणा.