वर्षाला एकदा मोफत मिळणारा क्रेडिट रिपोर्ट : घटस्फोटानंतर मला त्यात काय सापडलं

घटस्फोट झालेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांसाठी हा अभिप्राय मुद्दाम लिहितेय. क्रेडिट ब्युरो म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्याकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा पूर्ण रिपोर्ट, आणि त्यात चूक सापडली तर करायची डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, या दोन्ही गोष्टी मी सात महिने वापरल्या आहेत.

जून २०२४ मध्ये लेकीला कवळ्याहून फर्मागुडीला कॉलेजला जायला स्कूटर घ्यायची होती. फोंड्यातल्या शोरूममधल्या मुलाने माझा पॅन नंबर टाकला, स्क्रीन जराशी स्वतःकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या नावावरची जुनी कर्जं थकलीत. हे पास होणार नाही." मी जन्मात एकच कर्ज घेतलं होतं, पतसंस्थेतून सोन्यावर, आणि ते कधीच फेडलंय. लेक शेजारी नवं हेल्मेट हातात धरून उभी होती. तिने ते गुपचूप परत शेल्फवर ठेवलं.

त्या रात्री रिपोर्ट काढला. आपल्याकडे चार ब्युरो आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येकाने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, म्हणजे वर्षाला चार. चारही काढा. मला तिघांत तीन परकी खाती दिसली, चौथ्यात दोनच. फक्त त्या चौथ्यावर समाधान मानलं असतं तर क्रेडिट कार्ड मला कळलंच नसतं.

स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची आपली पत दाखवणारा आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो, माझा ५४१ आला. पण बायांनो, त्या आकड्यावर अडकू नका. पुढे जा आणि तुमचे पत्ते, फोन नंबर, ईमेल दिलेलं पान उघडा. माझ्या नावाखाली दोन मोबाइल नंबर होते. एक माझा. दुसऱ्याचे शेवटचे चार आकडे मी झोपेतही ओळखीन, चौदा वर्षं त्यावर "जेवायला कधी येताय" म्हणून फोन केलाय. पत्त्यांत वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या नवऱ्याच्या कंपनीचा पत्ता होता, माझं 'कामाचं ठिकाण' म्हणून. मी त्या वसाहतीत कधी पाऊल ठेवलेलं नाही. वसुलीचे फोन मला का आले नाहीत, पत्रं घरी का आली नाहीत, हे त्या एका पानावर कळलं.

मग खाती. २०१९ मध्ये टीव्हीसाठी ३२,००० चं कर्ज, २०२० मध्ये १,२०,००० चं वैयक्तिक कर्ज आणि ६०,००० मर्यादेचं एक क्रेडिट कार्ड. आमचा घटस्फोट २०२२ चा. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहितात : ०००, ०३०, ०६०. ते चौकोन वाचताना मला आमचा संसार परत दिसला. ज्या महिन्यात तो "पगार उशिरा होणार" म्हणाला होता, नेमका तिथे ०३०.

एक गोष्ट मला स्पष्ट आठवली. मी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होते, फोन ओट्यावर होता. तो म्हणाला, "ओटीपी आलाय बघ, सांग गो, गॅसचं काम आहे." हात खवलेल्या खोबऱ्याने भरलेले, मी वाकून सहा आकडे वाचले. तो टीव्हीच्या कर्जाचा ओटीपी होता.

आता डिस्प्यूट. ब्युरोच्या साइटवर त्या खात्यापुढे 'हे खातं माझं नाही' असं नोंदवायचं. पैसे लागत नाहीत. पण ब्युरो स्वतः काहीच पुसत नाही, तो कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो. वैयक्तिक कर्ज देणाऱ्या कंपनीने पहिल्यांदा एका ओळीत कळवलं, 'आमच्या नोंदीनुसार खातं बरोबर आहे.' इथे बरेच जण हात टेकतात. मीही दोन दिवस नुसती बसून होते.

फोंड्याच्या कोर्टात विधी सेवेच्या वकीलबाई भेटल्या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिची मिळकत कितीही असो. मला वाटत होतं की लाज वाटेल, तसं काही झालं नाही. माझ्या भावाने डोक्यात भरवलेलं, "गोव्यात नवरा-बायकोचं सगळं अर्धं-अर्धं, म्हणजे कर्जपण अर्धं तुझं." आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, हे खरंच आहे, पोर्तुगीज कायद्यापासून चालत आलंय. वकीलबाईंनी शांतपणे दोन प्रश्न सुटे केले. दोघांमध्ये काय कोणाचं, ते इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या मालमत्तेच्या वाटणीत, ठरेल. कंपनीला विचारायचं ते एवढंच, की हा अर्ज कोणी केला?

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं : अर्जाची प्रत द्या, केवायसीचे, म्हणजे ओळख पटवायला घेतलेले, कागद द्या, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला ते सांगा, पैसे कोणत्या खात्यात जमा केले ते सांगा. कागद आले. माझ्या आधारची झेरॉक्स मी बघताक्षणी ओळखली, उजव्या कोपऱ्यात बोटाचा डाग. कपाटातल्या फाइलमधली ती प्रत, हळदीच्या हाताने मीच कधीतरी धरलेली. पण खाली सही इंग्रजीत होती. मी आयुष्यभर मराठीत सही करत आलेय, शाळेच्या दाखल्यापासून घटस्फोटाच्या कागदापर्यंत. ओटीपी त्याच्या नंबरवर, पैसे त्याच्या खात्यात. पोलिसात तक्रार देऊन तिची पोच जोडली. हे सोपं नव्हतं, तो माझ्या मुलीचा बाप आहे. लेकीला आधी विचारलं, ती म्हणाली, "आई, दे."

डिस्प्यूटचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा, आणि २६ एप्रिल २०२४ पासून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. माझ्या दुसऱ्या डिस्प्यूटला १९ दिवस उशीर झाला. १,९०० रुपये खात्यात आले आणि ते कर्ज रिपोर्टमधून गेलं.

टीव्हीच्या कर्जाचं मात्र वेगळं केलं. ओटीपी माझ्या फोनवर आला होता, टीव्ही आमच्याच घरात होता, लेक त्यावर कार्टून बघत मोठी झाली. ते माझं नाही असं लिहायला माझा हात धजेना. वसुलीवाला म्हणाला, "चाळीस टक्के भरा, सेटल करून टाकू." करू नका. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढच्या बँकेला तो खटकतो. मी उरलेले सगळे ११,४०० भरले आणि एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, हातात घेतली.

पणजीत एकाने "स्कोअर साफ करून देतो" म्हणत माझ्याकडे १२,००० मागितले होते. मी वर लिहिलंय त्यातलंच तो करणार होता. चुकीची नोंद असेल तर ती तुम्ही स्वतः फुकटात काढू शकता, आणि खरी असेल तर ती कोणीच पैसे घेऊन पुसू शकत नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा यासाठी कापला, की एका साइटवर पैसे भरायच्या योजनाच आधी पुढ्यात येतात, फुकटच्या रिपोर्टचा दुवा मला खाली शोधून काढावा लागला. आणि जुना नंबर नवऱ्याचा असल्यामुळे एका ठिकाणी ओटीपीच मिळेना, तिथे ओळखपत्रांच्या प्रती पोस्टाने पाठवाव्या लागल्या.

क्रेडिट कार्डाचं अजून मिटलेलं नाही. बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. तिथेही पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जानेवारीत नव्या वर्षाचे चारही रिपोर्ट काढले. फोन नंबरांच्या जागी आता तिघांत फक्त माझा नंबर आहे. चौथ्यात त्याचा अजून दिसतो, त्याची डिस्प्यूट काल टाकली.