जखमी रानससा सापडला तर: तिथेच ठेवावा, घरी आणावा की बचाव केंद्रात द्यावा?

जखमी ससा दिसला की आपलं लक्ष आधी रक्ताकडे जातं. पण रानसशाला जखमेइतकीच भीतीही मारू शकते. त्याच्या लेखी माणसाचा हात, वास, आवाज, सगळंच शिकाऱ्याचं. म्हणून तिन्ही पर्याय मी एकाच प्रश्नावर तोलतो: यात सशाला माणूस किती वेळ सोसावा लागेल?

तिथेच राहू देणं कधी बरोबर? पिल्लू एकटं आहे पण धडधाकट आहे, तेव्हा. सशाची आई पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून एखाद-दोनदा, बहुधा अंधारात येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. एकाची पिल्लं बिळात किंवा घरट्यात उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. दुसऱ्याची उघड्या गवतात, अंगभर केस आणि डोळे उघडे घेऊनच. हे दुसरं पिल्लू गवतात निश्चल बसलेलं दिसलं की लोक ते अनाथ समजून उचलतात आणि आईपासून तोडतात. उचललं असेलच तर लगेच परत ठेवा. हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही.

रक्त, लोंबणारा पाय, थंडगार अंग, जखमेवर माश्यांची अंडी, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र हा पर्याय बाद. मांजराच्या तोंडून सुटलेला ससा वरून ठीक दिसला तरी जखमीच धरा. सुईसारखे दात आत जातात, वर टिपक्याएवढं छिद्र उरतं आणि जंतू खोलवर पोचलेले असतात.

आता खरी निवड: घर की केंद्र. घरी ठेवावासा वाटणं मी समजू शकतो, त्यामागे मायाच असते. आणि एक गोष्ट घर चांगली देऊ शकतं: अंधार आणि शांतता. हातमोजे घालून, टॉवेल टाकून, पाठीला आणि मागच्या पायांना आधार देत ससा उचलायचा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचा, खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली कोमट ऊब द्यायची आणि झाकण लावायचं. घरातली मुलं, कुत्रा, मांजर, टीव्ही, सगळं लांब.

पण झाकण लावून ठेवणं हेच कठीण जातं. दर तासाला उघडून पाहावंसं वाटतं. आत तो बसलेला असतो: कान पाठीला चिकटलेले, डोळा ताठ उघडा, अंग दगडासारखं. ‘बघ, किती लवकर माणसाळला’ असं कुणीतरी म्हणतं. तो भीतीने थिजलेला असतो. दुखणं आणि भीती यांनी सशाचं आतडं मंदावतं, आणि अर्धा दिवस काही न खाणंही त्याला धोक्याचं ठरतं. सकाळी खोक्यात लेंड्या नसतील तर ती वाईट खूण.

बाकीच्या गोष्टी घराला जमत नाहीत. वेदनाशामक, सलाइन, एक्स-रे तिथे नसतात. घरातल्या गोळ्या देणं तर घातकच: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडावाटे दिली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. गाईचं दूध पिल्लाचं पोट बिघडवतं. उताणं धरून पाजलं तर ते फुप्फुसात जातं. शिवाय अनेक देशांत परवान्याशिवाय वन्यप्राणी पाळणं हा गुन्हा आहे.

केंद्रातही त्रास आहेच: प्रवास, अनोळखी हात, शेजारच्या पिंजऱ्यातले वास. म्हणून निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. तुम्ही रानससे घेता का? आणि त्यांना कुत्र्या-मांजरांपासून वेगळं ठेवता का? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी दुसरं केंद्र शोधेन. पाठीचा कणा मोडला असेल तर तिथे दयामरणाचा सल्ला मिळेल. तो ऐकायला जड जातो, पण जो ससा पळू शकत नाही त्याला रानात सोडणं ही दया नव्हे. माझं मत स्पष्ट आहे: घर फक्त केंद्र उघडेपर्यंतच्या तासांसाठी. जवळ केंद्रच नसेल तर सशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा आणि पुढची काळजी त्याच्या सांगण्यानुसारच घ्यावी.

सोडण्यातही फरक आहे. थोड्या दिवसांत बरा झालेला प्रौढ ससा सापडला तिथेच सोडावा. लपायच्या जागा त्याला ठाऊक असतात. हातावर वाढलेल्या पिल्लाला मात्र आधी बाहेरच्या बंदिस्त जागेत, रानातल्याच गवतावर काही दिवस काढू द्यावेत. माणूस दिसताच ते धूम ठोकत असेल तर तयारी झाली. जवळ येत असेल तर अजून नाही.

सोडायला कोरड्या दिवसाची संध्याकाळ निवडा. खोका झुडपाला लागून आडवा ठेवा, झाकण उघडा आणि बरेच मागे सरका. काही ससे क्षणात गवतात दिसेनासे होतात. काही खोक्याच्या तोंडाशी नाक हलवत कितीतरी वेळ बसून राहतात. त्यांना ढकलू नका.